घडीचा रोल

नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये घरोघरी एक आजी अवतरते. ती हयात असतेच असं नाही. पण थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर जे रोल येणार ते तिच्याच कृतीचे, याबद्दल कुणाला शंका नसते. लोण्याने माखलेले, वर सेजची नाहीतर थाइमची चिरलेली पानं, ट्रेमधून काढताना एकमेकांना चिकटून येणारे. मी इथल्या एका गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करत होते. देणगीच्या खोक्यांतून पुस्तकं यायची, आणि त्यांत चर्चच्या महिला मंडळांनी किंवा शाळांच्या पालकांनी छापून घेतलेली, प्लास्टिकच्या रिंगांत बांधलेली पाकपुस्तकं हमखास असायची. ग्रंथालयाला ती नको असायची, मला हवी असायची. त्यांतल्या ‘आजीचे रोल’ अशा मथळ्याच्या कृती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की गंमत कळते. आडनावं आयरिश, इटालियन, पोलिश, फ्रेंच. कृती मात्र बहुतेकांची एकच. दूध तापवून कोमट करा, लोणी, साखर, मीठ, यीस्ट घाला, मैदा घालून मळा, फुगू द्या, लाटा, गोल कापा, अर्ध्या भागाला लोणी लावा आणि घडी घाला.

इतक्या जातीधर्मांच्या इतक्या घरांत एकच आजी कशी? माझं उत्तर असं की ही आजी बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर एका हॉटेलात पगारी नोकर होती, आणि बहुधा पुरुष होती.

आधी खऱ्या आज्यांचं बघू. ज्या सणाच्या नावाने हे रोल खपतात त्याचं मूळ सांगतात ते प्लिमथच्या इंग्रज वस्तीतल्या 1621 सालच्या जेवणात. या जेवणाबद्दल त्याच वर्षी लिहिलेली माहिती मिळते ती एडवर्ड विन्स्लोच्या एका पत्रात, आणि तीही चार ओळींची. तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मासासोइट आपली नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं मारून आणली, तीन दिवस खाणंपिणं चाललं. त्याच पत्रात शेताचा हिशेब आहे: वीस एकर मका, सहा एकर बार्ली आणि वाटाणे, पैकी वाटाणे वाया गेले. गहू नाही. आणि लोण्याचं म्हणाल तर प्लिमथला पहिली गुरं आली तीच मुळात 1624 साली, तीन कालवडी आणि एक वळू, विन्स्लोनेच इंग्लंडहून आणलेली. म्हणजे गहू नसलेल्या, गाय नसलेल्या वस्तीत लोण्याच्या रोलची कल्पनाही करता येत नाही.

पुढे गहू पेरला गेला, पण न्यू इंग्लंडला तो फार काळ लाभला नाही. 1660च्या दशकात गव्हावर तांबेरा पडू लागला आणि इथल्या शेतकऱ्याने मुकाट्याने राय आणि मका जवळ केला. या दोन पिठांची जड, तपकिरी, दिवसभर मंद आचेवर भाजलेली भाकर, ‘राय अँड इंजन’, हीच इथली दीडशे वर्षांची रोजची भाकर. इंजन म्हणजे इंडियन, म्हणजे मका. आपला काही संबंध नाही. आमच्या शेजारणीच्या पणजीनेही आयुष्यभर तीच खाल्ली असणार, पण तिची कृती विचारायला कुणी जात नाही.

गव्हाची तेव्हा काय किंमत होती ते एका कादंबरीत दिसतं. सेरा जोसेफा हेल हे नाव आपल्याला ठाऊक नसतं, पण तिची कविता बालवाडीतच पाठ झालेली असते: मेरी आणि तिच्या मागे शाळेत जाणारं कोकरू. ही न्यू हॅम्पशरची बाई. नवरा गेला, पाच मुलं पदरात, आणि ती लिहू लागली. 1827 साली आलेल्या तिच्या ‘नॉर्थवुड’ कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं सविस्तर वर्णन आहे. टर्की, बदक, कोंबडी भरलेला पाय (pie), लोणची, मुरंबे, पुडिंग अशी मेजावर जागा उरू नये इतकी रेलचेल, आणि पाव? प्रत्येकाच्या पुढ्यात पालथ्या घातलेल्या पेल्यावर ठेवलेला गव्हाच्या पावाचा एकेक काप. बस. गव्हाचा पाव ही काचेच्या पेल्यावर मांडून ठेवण्याची वस्तू होती. रोल कुठेच नाही.

याच हेलबाईंनी पुढे मासिकाच्या संपादक म्हणून वर्षानुवर्षं एकच धोशा लावला की थँक्सगिव्हिंग सगळ्या देशाने एकाच दिवशी पाळावा. राष्ट्राध्यक्ष बदलत गेले, बाईंची पत्रं चालू राहिली. 28 सप्टेंबर 1863ला त्यांनी लिंकनना लिहिलं आणि 3 ऑक्टोबरला लिंकननी जाहीरनामा काढला. यादवी युद्ध ऐन भरात असताना कुटुंबाने एकत्र बसून जेवण्याचा सण सरकारी झाला तो असा. दिवस मिळाला, त्या दिवशीच्या टेबलावरचा रोल मात्र तेव्हा वेगळ्याच वाटेने येत होता.

हार्वे पार्कर मेन राज्यातल्या एका खेड्यातून 1825 साली बोस्टनला आला तेव्हा त्याच्या खिशात एक डॉलरही नव्हता असं सांगतात. तबेल्यात काम, मग श्रीमंत बाईंच्या बग्गीवर गाडीवान. बाईंना घेऊन गावात आला की तो कोर्ट स्क्वेअरमधल्या एका खानावळीत जेवायचा. 1832 साली ती खानावळच त्याने विकत घेतली. 1855च्या ऑक्टोबरात त्याने स्कूल स्ट्रीटवर पार्कर हाउस उघडलं.

त्या हॉटेलातली खरी नवलाई खोल्यांची नव्हती, जेवणाच्या वेळांची होती. तोवर अमेरिकन हॉटेलांत खोलीभाड्यातच जेवण धरलेलं असे. ठरल्या वेळी घंटा व्हायची, सगळे लांबलचक टेबलांवर बसायचे, जे वाढतील ते खायचे. वेळ चुकली की उपाशी. पार्करने खोलीचे पैसे वेगळे केले, जेवणाचे वेगळे, आणि स्वयंपाकघर दिवसभर चालू ठेवलं. कुणीही, केव्हाही यावं, हवं ते मागवावं. मला रोलचा जन्म या एका निर्णयात दिसतो. घंटेवर शंभर माणसं बसवायची असतील तर मोठे पाव भाजून काप करणं सोपं. पण दुपारी तीनला एक वकील येणार, साडेचारला एक व्यापारी, आणि प्रत्येकापुढे काहीतरी गरम, ताजं, एकट्यापुरतं ठेवायचं, तर पावाचा आकार माणसाएवढाच हवा. डिनर रोल म्हणजे एका माणसाचा पाव. कुटुंबाने तो नंतर आपलासा केला.

पार्कर हाउसच्या रोलबद्दलची आख्यायिका इथे जो तो सांगतो: वॉर्ड नावाचा जर्मन बेकर कशावरून तरी चिडला, अर्धवट झालेले गोळे त्याने रागाने ओव्हनमध्ये भिरकावले, आणि दबलेले, अर्धे मिटलेले रोल बाहेर आले. मला ही गोष्ट एका मिनिटासाठीही पटत नाही. रागाने फेकलेल्या गोळ्याच्या पोटात आपोआप लोणी लागत नाही. ती घडी विचारपूर्वक घातलेली आहे. आपल्या घडीच्या पोळीत तेलाचं बोट फिरवतो ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी तिथे लोण्याचा ब्रश फिरतो: दोन थर भाजताना चिकटू नयेत, वाफेने सुटे व्हावेत. टेबलावर पाहुण्याने रोल उचलला की तो दोन बोटांनी उघडतो, सुरी लागत नाही, आणि आत लोणी आधीच असतं. कॉलरला पावाचा चुरा लागू न देता बोलत बोलत खाणाऱ्या लोकांसाठी केलेली ही वस्तू आहे. तसे लोक तिथे होतेच. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एमर्सन, लाँगफेलो, लोवेल, ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचा सॅटर्डे क्लब तिथे जेवायला बसायचा. डिकन्स 1867-68च्या वाचनदौऱ्यात तिथे उतरला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हो ची मिन्हने आपल्या बेकरीत काम केलं होतं असंही हॉटेल सांगतं. थँक्सगिव्हिंगला टेबलावर गप्पांचा तुटवडा पडला की मी हे पुढे करते.

1870च्या दशकात या रोलच्या कृती छापून येऊ लागल्या. नेमक्या त्याच सुमाराला असं काही घडत होतं की ज्यामुळे हॉटेलचा पदार्थ घरी करता येणं शक्य झालं. माझ्या मते गोष्टीचा खरा गाभा इथे आहे, आणि बोस्टनकर नेमका तोच सांगत नाहीत, कारण त्यातला बराचसा बोस्टनमध्ये घडलेला नाही.

यीस्टचं आधी. त्याआधी घरी पीठ फुगवणं हा जुगार होता. दारू गाळणाऱ्याकडून फेस आणायचा, नाहीतर हॉप्सची फुलं उकळून, बटाटा कुस्करून, जुन्याचं विरजण लावून आपलं आपण यीस्ट धरायचं. 1796च्या अमेलिया सिमन्सच्या पुस्तकात, जे अमेरिकन बाईने लिहून अमेरिकेत छापलेलं पहिलं पाकपुस्तक मानतात, त्यात ‘एम्प्टिन्स’ नावाची अशीच एक कृती आहे. जमलं तर जमलं, नाहीतर आंबट. थंडीत रात्रभर चुलीजवळ ठेवलेलं पीठ सकाळपर्यंत फुगेल की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. अशा पिठात दूध, लोणी आणि साखर घालून ते वाया घालवायला कुठली शहाणी गृहिणी तयार होईल? ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले चार्ल्स आणि मॅक्सिमिलियन फ्लाइशमन हे भाऊ जेम्स गॅफ नावाच्या भागीदाराबरोबर सिनसिनाटीत 1868 साली दाबून वड्या केलेलं यीस्ट काढू लागले. 1876 साली फिलाडेल्फियाला देशाच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं. तिथे त्यांनी व्हिएन्ना पद्धतीची बेकरी थाटली आणि लोकांना पाव भाजून होताना दाखवला, लगेच खायलाही दिला. एक वडी, एवढं पाणी, इतका वेळ. यीस्ट हुकमी झालं.

मग मैदा. एरी कालवा 1825 साली झाल्यावर पश्चिमेचा गहू स्वस्तात पूर्वेला येऊ लागला होता, पण मिनेसोटाचा कडक वसंती गहू दगडी जात्यात दळला की त्यात कोंडा मिसळून पीठ काळपट व्हायचं. पोलादी रोलर आणि कोंडा उडवून लावणारी यंत्रं आली आणि तोच गहू सगळ्यात मोलाचा ठरला, कारण त्याच्या चिवट पिठात यीस्टची हवा धरून ठेवायची ताकद होती. या पांढऱ्या पिठाची किंमत माणसांनीही मोजली. 2 मे 1878ला मिनियापोलिसमधल्या वॉशबर्न गिरणीत हवेतल्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात 18 कामगार गेले. गिरणी पुन्हा उभी राहिली. 1880 साली सिनसिनाटीच्या गिरणीवाल्यांच्या प्रदर्शनात त्यांच्या पिठाला सुवर्णपदक मिळालं आणि ‘गोल्ड मेडल’ हे नाव पिशवीवर चढलं. आजही मी तीच पिशवी आणते.

हुकमी यीस्ट झालं, चिवट पांढरा मैदा झाला. उरली हुकमी मापं. ती दिली फॅनी फार्मरने. बोस्टनचीच मुलगी. सोळाव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, शिक्षण सुटलं, कायमची लंगडत चालू लागली, आणि तिशीत बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये शिकायला जाऊन पुढे तिथलीच मुख्याध्यापिका झाली. तिचं पुस्तक 1896 साली निघालं. प्रकाशकाला इतकी कमी खात्री होती की 3000 प्रतींचा खर्च त्याने तिच्याच गळ्यात मारला. पुढे ते लाखांनी खपलं. चमचा भरून सुरीने सपाट करा, हे तिचं म्हणणं. ‘अक्रोडाएवढं लोणी’ ही भाषा तिने संपवली. त्या पुस्तकात पार्कर हाउस रोलची कृती आहे. दोन कप तापवलेलं दूध, तीन मोठे चमचे लोणी, दोन चमचे साखर, यीस्टची एक वडी. पीठ दोनदा फुगवायचं, बोटाच्या पेराहूनही पातळ लाटायचं, गोल कापायचं, पिठात बुडवलेल्या सुरीच्या मुठीने मधोमध खाच पाडायची, अर्ध्याला लोणी, घडी, कडा दाबायच्या, पुन्हा फुगू द्यायचं आणि गरम ओव्हनमध्ये बारा ते पंधरा मिनिटं. माझ्याकडच्या रिंगवाल्या पुस्तकांतली आजी ती हीच. काही ठिकाणी सुरीच्या मुठीचा उल्लेखही जसाच्या तसा उतरलाय.

हॉटेल मात्र अजूनही सांगतं की ही कृती गुप्त होती आणि 1933 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी मागवली तेव्हा कुठे ती बाहेर पडली. तोवर निम्म्या न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत ती तेलकट बोटांच्या डागांसकट पडून होती. गुपितांचा धंदा असाच चालतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हा रोल घराघरांत शिरत होता त्या वर्षांत आपली दोन माणसं या देशात होती, आणि दर वेळी इथवर आले की मला त्यांची आठवण होते. आनंदीबाई जोशी 1883 साली आल्या, 1886च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या आणि पुढे दोनेक वर्षं देशभर फिरल्या. 1887च्या डिसेंबरात बोस्टनमध्येच रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, आणि इथून जमलेल्या पैशांवर 1889 साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं. परतल्यावर रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती मराठीत लिहून काढली. बोस्टनच्या बायका सपाट चमच्याने लोणी मोजत होत्या त्या सुमाराला पुण्यात काय चाललं होतं? 14 ऑक्टोबर 1890ला पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. टिळक होते, रानडे होते. कुणी घेतली, कुणी नुसता हात लावला. पण सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली ती आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी. मग ग्रामण्य, शंकराचार्यांचं पंचमंडळ, प्रायश्चित्त. भट्टीतून आलेला, परक्याने मळलेला, फसफसलेला पदार्थ ओठाला लावणं म्हणजे बाटणं. या धाकाला वसईकडे तर विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टींची जुनी जोड होतीच. आज माझ्या घरी सोवळ्यातल्या घरांतून आलेली माणसं रोलला लोणी कमी पडलं म्हणून कुरकुरतात.

आता पानांविषयी, कारण पार्कर हाउसच्या रोलवर पानं नव्हती. फॅनी फार्मरच्याही नाही. सेज, थाइम, मार्जोरम या पानांची जागा वेगळी होती: टर्कीच्या पोटात. शिळा पाव, लोणी, कांदा आणि वाळवलेली पानं एकत्र करून पक्ष्यात भरायची, ते सारण. शेकर पंथाच्या वस्त्यांनी एकोणिसाव्या शतकात वाळवलेल्या पानांचा मोठा व्यापार केला. मेनमध्ये सबाथडे लेकला त्यांची पाकिटं अजून मिळतात. 1867 साली बोस्टनच्या विल्यम बेलने रोझमेरी, ओरेगॅनो, सेज, सुंठ, मार्जोरम, थाइम आणि मिरी अशी मिसळ डबीत घालून विकायला काढली. पिवळ्या खोक्यावर निळी टर्की. आजही नोव्हेंबरात तिचे ढीग लागतात. मार्जोरम म्हणजे मरवा. माझ्या आईच्या वेणीतला मरवा मला इथे टर्कीच्या खोक्यात भेटला. तेव्हा पाव, लोणी आणि पानं ही सोयरीक जुनीच, फक्त ती पक्ष्याच्या आत होती. रोलवर ती केव्हा चढली याचा माग मी पाकपुस्तकांत काढला तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधी फारसं काही हाती लागत नाही. युद्धात लोणी 1943पासून 1945पर्यंत शिधापत्रिकेवर गेलं होतं. ते पुन्हा मोकळं मिळू लागल्यावर लोकांनी कसर भरून काढली, आणि त्याच लोण्यात पार्स्ली, चाइव्ह, लसूण मिसळू लागले.

पानांना खरी प्रतिष्ठा मिळाली ती एका स्पर्धेने. पिल्सबरी या पीठवाल्या कंपनीने 1949 साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात गृहिणींची भाजण्याची स्पर्धा भरवली. एलिनॉर रूझवेल्ट हजर होत्या. पहिलं बक्षीस, 50,000 डॉलर, मिळालं ते केकला नाही की पायला नाही, यीस्टच्या पिळाच्या रोलना. पीठ फडक्यात बांधून कोमट पाण्यात सोडायचं; फुगलं की ते आपोआप वर तरंगतं. 1960 साली त्याच स्पर्धेत नेब्रास्काच्या एका बाईने कॉटेज चीज, वाळवलेला कांदा आणि शेपूचं बी घातलेला पाव करून 25,000 डॉलर जिंकले. त्यानंतरच्या रिंगवाल्या पुस्तकांत शेपू नाही असं पान सापडणं कठीण. आपल्याकडे बाळंतिणीला जी बाळंतशोपा देतात, ती इथे अशी टेबलावर आली.

पानांचं एक सांगते, कारण या बाबतीत लोक वर्षानुवर्षं तोच घोळ घालतात. ओली पानं भाजण्याआधी रोलवर पसरली की ती करपतात आणि कडू होतात. या पानांचा वास तेलात असतो, तो लोण्यात उतरतो. तेव्हा लोणी मंद तापवून सेज-थाइम त्यात पाच मिनिटं बुडवून ठेवावं; अर्धं लोणी घडीच्या आत, उरलेलं भट्टीतून काढल्याबरोबर वरून. पार्स्ली आणि शेपू नाजूक. त्यांना आच लावूच नये, शेवटच्या लोण्यात टाकावं. रोझमेरीबद्दल माझं मत वाईट आहे. ती काडीसारखी टोचते आणि बाकी सगळ्यांचा आवाज बंद करते.

विसाव्या शतकाचा उरलेला इतिहास म्हणजे कारखान्याने या कामातला एकेक टप्पा घराकडून काढून घेण्याचा इतिहास. केंटकीत लुइव्हिलच्या लाइव्हली विलोबी या बेकरने कच्च्या पिठाचे गोळे नळकांड्यात दाबून भरले आणि 1931 साली त्याचं पेटंट मिळवलं. प्रयोगाच्या काळात नळकांडी फुटून घरभर पीठ उडायचं. फ्लोरिडात 1949 साली अर्धवट भाजलेल्या रोलचा शोध लागला. बेकर गावच्या आगीच्या बंबावर स्वयंसेवक होता. भोंगा वाजला, तो पांढरे रोल भट्टीबाहेर काढून धावला, आणि परत आल्यावर बघतो तो रोल जसेच्या तसे. पुन्हा भट्टीत घातल्यावर ताज्यासारखे झाले. या बेकरची गोष्ट मी वॉर्डच्या गोष्टीपेक्षा जास्त मानते. जनरल मिल्सने ती पद्धत विकत घेतली. आता घरातल्या बाईकडे फक्त तांबूस करण्याचं काम उरलं. आणि 1965 साली पिल्सबरीने नळकांड्यातले चंद्रकोरी रोल आणले, बरोबर जाहिरातीत पोटाला बोट लावलं की खिदळणारं ते पिठाचं बाहुलं.

त्याच 1965च्या 3 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर यायला सुरुवात झाली. त्यांच्या बायकांना सुपरमार्केटात पाव म्हणून जे भेटलं ते हेच डिनर रोल. गोऱ्या कुटुंबांनी ते टर्कीशी लावले, आम्ही बटाट्याच्या भाजीशी. इथल्या मराठी मंडळांच्या स्वयंपाकघरांत कुठला रोल पावाच्या सगळ्यात जवळचा यावर झालेले वाद मी ऐकलेत. एक पक्ष पेन्सिल्व्हेनियाच्या बटाटा रोलचा. दुसरा हवाईच्या गोड रोलचा, ज्यांची सुरुवात रॉबर्ट टायरा यांनी 1950 साली हिलोत केली. मी दुसऱ्या पक्षात नाही, भाजी गुळमट होते. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. तो गोड पाव हवाईत नेला 1878पासून उसाच्या मळ्यांवर कामाला आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी. गोव्यात सुरेने पीठ फुगवून पाव भाजायला शिकवलं तेही पोर्तुगीजांनीच. तेव्हा पावभाजीला हवाईचा रोल लावणारे लोक चुलत घराण्यातच सोयरीक करतात.

माझ्या सासूबाई एकदा हिवाळ्यात आल्या होत्या. रोल हातात घेऊन पहिला प्रश्न, “यात अंडं नाही ना गं?” फार्मरबाईंच्या कृतीत नाही, म्हटलं. मग त्यांनी घडी उघडली, आत बोट लावून पाहिलं आणि विचारलं, “हे लोणी विरजणाचं की विकतचं?” त्या नंतर शेजारणीकडे गेल्या तेव्हा तिने दाखवलेले तिच्या ‘आजीचे’ रोल बघून मला मराठीत म्हणाल्या, “हे तुझ्याकडूनच शिकली का ही?”

थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी आमच्याकडे दोन ट्रे होतात, एक सेज-थाइमचा, एक कोरा. कोऱ्याला साखर मी निम्मी घालते, कारण त्यातले निम्मे शुक्रवारसाठी असतात. गुरुवारचं जेवण इतकं जड आणि इतकं बिनतिखटाचं असतं की शुक्रवारी सकाळी घरात मुक्कामाला असलेलं प्रत्येक माणूस फ्लॉवर चिरायला आणि बटाटे सोलायला स्वतःहून बसतं. रोल घडीवर उघडायचे, तव्यावर लोणी आणि चिमूटभर लाल मसाला, आणि आतली बाजू खाली ठेवून दाबायचे. आधीच लोणी लावलेली ती बाजू लादी पावापेक्षा लवकर खरपूस होते. सेजचे उरले तर ते सूपाबरोबर जातात. भाजीबरोबर एकदा कुणीतरी खाऊन पाहिले, आणि नंतर कुणी तो विषय काढला नाही.